पास झालेली खेळणी

पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या त्या दुकानात शिरलं की डाव्या हाताला पट्टे आणि साखळ्या, उजव्या हाताला खाण्याची पोती, आणि अगदी आत, पंख्याचा वारा पोचत नाही अशा कोपऱ्यात एक टेबल. त्या टेबलापाशी ताई बसत. मालक त्यांचा धाकटा भाऊ. तो ताई म्हणे म्हणून गिऱ्हाइकंही ताई म्हणत. वयानं त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले निवृत्त पोस्टमास्तरसुद्धा.

टेबलावर बारीक स्क्रू-ड्रायव्हर, एक स्प्रिंगचा वजनकाटा, लोकरीचा गुंडा, गजराचं घड्याळ आणि लाल नेलपॉलिशची बाटली. ताईंनी जन्मात नखं रंगवली नव्हती. ती बाटली खेळण्यांसाठी होती. मोटारीवर चालणारं कुठलंही खेळणं, पळणारा उंदीर असो की आपोआप गडगडणारा चेंडू, ताईंच्या हाताखालून गेल्याशिवाय फळीवर चढत नसे. पास झालं की त्याच्या पोटावर एक लाल ठिपका. लोक खेळणं उलटं करून आधी ठिपका शोधत, मग रंग बघत.

दुकानात यायच्या आधी एकोणीस वर्षं ताई मोटारीत तार भरण्याच्या एका कारखान्यात होत्या. तांब्याची तार बोटांतून सरकताना कुठं वार्निश खरवडलंय ते त्यांना न बघता कळे. पुढं लोक बिघडलेली मोटार दुरुस्त करण्याऐवजी नवीच आणू लागले आणि कारखान्याचं शटर एका सोमवारी वर गेलंच नाही. तिथून ताईंनी दोन गोष्टी घरी आणल्या. एक खोकला, आणि दुसरी एक करड्या रंगाची बुटकी कुत्री. पिल्लू असताना तिनं तपासणीच्या टेबलाची जाड केबल दातांनी तोडली होती आणि तरी जगली होती. कामगारांनी तिचं नाव ठेवलं पक्कड.

ताईंची तपासणी म्हणजे एक छळच होता. मोटार वीस मिनिटं चालवायची आणि मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायची; हात काढून घ्यावासा वाटला की नापास. चाकाच्या फटीत लोकरीचा धागा सोडायचा; चाकानं तो ओढून घेतला तर उद्या ते शेपटीचे केसही ओढणार, नापास. डोळे, कान, शेपट्या काट्याला अडकवून ताणायच्या. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर पुढं बघायचंच नाही. वासही घ्यायचा. ‘‘जळक्या वासाचं कौतुक नाही, तो कुणालाही येतो,’’ त्या म्हणत. ‘‘जळायच्या बेतात असलेल्याचा वास यायला पाहिजे.’’

आणि या सगळ्यातून जे वाचेल ते शेवटी पक्कडपुढं. अर्धा तास. पहिल्या वर्षी तिनं अकरातली नऊ खेळणी फोडली. माल घेऊन येणारा एजंट कपाळाला हात लावून म्हणाला होता, ‘‘ताई, हे कुत्रं आहे की गिरणी?’’

‘‘गिरणी बंद करता येते,’’ ताई म्हणाल्या.

गेल्या दीड-दोन वर्षांत मात्र एकामागून एक खेळणी पास होत होती. पक्कड खेळणं तोंडात धरी, इकडंतिकडं फिरवी आणि ओलं करून खाली ठेवी. एक ओरखडा नाही. ताई खूश होत्या. ‘‘माणसं नाही सुधारली तरी प्लॅस्टिक सुधारलं बघ,’’ असं त्या भावाला म्हणत आणि ठिपका देत.

त्या दिवशी दुकान उघडून तासभर झाला असेल. चित्रकलेच्या शिक्षिका आत आल्या. चार महिन्यांपूर्वी पिल्लू घेतलं तेव्हापासून त्या दर आठवड्याला येत. आज त्यांनी पट्ट्यांकडं बघितलं नाही, पोत्यांकडं बघितलं नाही. सरळ टेबलाशी येऊन त्यांनी एक प्लॅस्टिकची पिशवी उपडी केली. बोटभर लांबीचा एक खेळण्यातला किडा बाहेर पडला, सेल घातला की थरथरत पळणारा. रबरी पायांचा, हिरव्या पाठीचा. पाठ मधोमध फुटली होती. पोटावर लाल ठिपका.

‘‘यातला सेल त्यानं गिळला,’’ शिक्षिका म्हणाल्या. त्यांचा आवाज हजेरी घेताना असावा तसा सपाट होता. ‘‘काल. डॉक्टर म्हणाले, असला चपटा सेल दोन तासांत आतून भाजतो. अन्ननलिकेला भोक पडलंय. नळीनं दूध देतायत.’’

मालक गल्ल्यावरून उठून आला. ‘‘मॅडम, पिल्लं काय, काहीही खातात हो. जरा लक्ष ठेवायला...’’

‘‘थांब,’’ ताई म्हणाल्या.

त्यांनी किडा हातात घेतला. झाकणाचा स्क्रू जागच्या जागी होता. झाकण नाही, पाठच फुटली होती, आणि सेल तिथून निघाला होता. असं होऊच कसं शकतं? त्यांनी फळीवरून तसाच दुसरा किडा काढला आणि पक्कडपुढं टाकला.

पक्कड उठली. तिनं किडा तोंडात घेतला, डोकं वाकडं केलं, जबडा हलवला. मिनिटभरानं तो ओला किडा जमिनीवर पडला. अखंड.

‘‘बघा!’’ मालक म्हणाला.

शिक्षिका खाली बसल्या. त्यांनी किडा रुमालानं पुसून उजेडात धरला. मग पक्कडकडं बघितलं, मग ताईंकडं.

‘‘ताई, ही चावत नाहीये. नुसती चघळतेय.’’

पोत्यांमागून भावाची बायको पुढं आली. ‘‘ती बिस्किटंसुद्धा भिजवल्याशिवाय खात नाही हल्ली. मीच भिजवते की.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘वर्ष झालं असेल. जास्तच. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.’’

ताईंनी पक्कडचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओठ वर केला. समोरचे सुळे अर्धे झिजून पिवळ्या खुंटांसारखे झाले होते. मागच्या दाढा एका बाजूला नव्हत्याच. दुसऱ्या बाजूला एक होती, ती बोट लावताच हलली. बाकी सगळी मऊ, गुलाबी, चकचकीत हिरडी. पक्कडनं तोंड ओढून घेतलं नाही. तिनं ताईंचं बोट चाटलं.

ताई उठल्या. टेबलाखालची पत्र्याची पेटी त्यांनी ओढली. पास-नापास झालेल्या प्रत्येक खेळण्याचा एक नमुना त्या तारखेची चिठ्ठी चिकटवून ठेवत; एकेक बघितलेला, पण सगळे एकत्र कधीच न बघितलेले. आता त्यांनी ते जमिनीवर तारखेनं मांडले. सात वर्षं दाराच्या दिशेनं सरकत गेली. पहिल्या खेळण्यांवर खोल, आरपार भोकं. मग भोकांचे खळगे झाले. मग खळगे एकाच बाजूला. मग नुसत्या रेघा, नखानं ओढाव्यात तशा. आणि मग एका हिवाळ्यानंतर काहीच नाही. तेवीस खेळणी गुळगुळीत. तेवीस ठिपके.

ज्यांच्या मोटारी त्यांनी मनगटावर पारखल्या, ज्यांची टोकं काट्यावर ताणली, तीच पत्र्याची, कडक प्लॅस्टिकची खेळणी त्यांनी सात वर्षं या कुत्रीच्या तोंडात दिली होती. तिचे दात म्हातारपणानं गेले नव्हते, निदान सगळे तरी नाहीत. ते या पेटीत होते, भोकाभोकांत थोडे थोडे संपलेले. आणि त्या म्हणत होत्या, प्लॅस्टिक सुधारलं.

‘‘ताई, पाणी पी,’’ भाऊ म्हणाला.

‘‘किडे किती गेले?’’

‘‘बघ, एका पिल्लाचं झालं म्हणून...’’

‘‘किडे कुणाकुणाला गेले ते सांग. आधी किडे. त्यातच चपटा सेल आहे.’’

दुकानात गिऱ्हाइकांची नावं कुणालाच ठाऊक नसत. प्राण्यावरून माणूस ओळखला जाई. तशीच यादी झाली. एका डोळ्याच्या मांजरीचे वकील. जाड्या बोक्याची नर्स. न भुंकणाऱ्या कुत्र्याचे पोस्टमास्तर. दोन पिल्लांची शिंपीणबाई. शिक्षिका दवाखान्यात परत जायच्या होत्या, पण दारातच थांबून त्यांनीही एक नाव घातलं, त्यांच्याच शाळेतला शिपाई. एकूण चौदा. फोन लागले त्यांना भावानं सेल काढून ठेवायला सांगितलं. पाच जणांचे नंबर नव्हते, पण घरं माहीत होती.

ताई त्या घरांकडं निघाल्या तसा भाऊ दारातल्या चपलांपर्यंत आला. ‘‘एवढं ऐक. कंपनीनं माल परत मागवलाय म्हण. खोटं थोडंच आहे? परत तर करणारच आहोत. तुझ्या ठिपक्यावर हे दुकान उभं आहे, ताई.’’

ताईंनी चपला घातल्या आणि त्या निघाल्या. पहिल्या घरी, वकिलांकडं, त्या म्हणाल्या, ‘‘कंपनीनं परत मागवलाय.’’ वकिलांनी किडा आणून दिला आणि वर आभार मानले. ‘‘म्हणून तर तुमच्याकडून घेतो. एवढी काळजी कोण करतं?’’ जिना उतरताना ताईंनी किडा पिशवीत तळाशी सारला. नर्सच्या घरी त्यांनी तेच वाक्य म्हटलं. तिथंही आभारच मिळाले.

शिंपीणबाईची खोली तिसऱ्या मजल्यावर. यंत्राची खडखड दारातूनच ऐकू येत होती. मांजराची दोन पिल्लं कापडाच्या ढिगावर झोपली होती.

‘‘तो किडा होय?’’ शिंपीणबाई हसली. ‘‘त्याचा खुळखुळा कधीच झालाय. तो बघा, यंत्राखाली.’’

ताईंनी वाकून उचलला. पाठ फुटलेली. सेल नव्हता.

‘‘यातला सेल कुठंय?’’

‘‘पडला असेल कुठंतरी.’’

‘‘पिल्लांनी काही खाल्लं सकाळपासून?’’

‘‘दूध प्यायली की. ताई, काय झालं? असं काय बघताय?’’

ताई गुडघ्यांवर आल्या. यंत्राखाली, कपाटाखाली हात घातला. टाचण्या, दोरे, खडू. शिंपीणबाईही हसू आवरून खाली बसली. मग तीच थबकली. ‘‘केर काढताना काही गोल, चकचकीत मिळालं की मी बटणांच्या डब्यात टाकते,’’ ती म्हणाली.

डबा मोठा होता. ताईंनी तो चादरीवर ओतला. शेकडो बटणं: पांढरी, शिंपल्याची, पितळी, कोटाची, बाळाच्या झबल्याची. दोघी एकेक बाजूला करत गेल्या. यंत्र थांबल्यामुळं खोली एकदम रिकामी वाटत होती. पिल्लं उठून बटणांवर पंजे मारू लागली आणि शिंपीणबाईनं त्यांना टोपलीखाली झाकून टाकलं.

तारेवर वाढलेल्या ताईंच्या बोटांना तो आधी लागला, डोळ्यांना नंतर. बटणापेक्षा जड, गार, भोक नसलेला. त्यांनी तो तळहातावर घेतला आणि त्या जमिनीवरच बसून राहिल्या.

‘‘हा गिळला असता तर?’’ शिंपीणबाईनं विचारलं.

ताईंनी शिक्षिकेच्या पिल्लाचं सगळं सांगितलं. नळी, भोक, दोन तास. शिंपीणबाईचा हात टोपलीवर गच्च बसला.

‘‘पण तुम्ही तर तपासलेलं ना? ठिपका आहे की यावर.’’

कंपनीनं परत मागवलाय, हे वाक्य ताईंच्या तोंडापर्यंत आलं. दोनदा म्हणून ते गुळगुळीत झालं होतं, आपोआप निघालं असतं.

‘‘नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तपासलं असं मला वाटत होतं. ज्या कुत्रीला चावायला दिलं तिला दातच उरले नव्हते. मी तिचं तोंड कधी उघडून बघितलं नाही. दोन वर्षं मी नुसते ठिपके देत होते.’’

शिंपीणबाई ओरडली नाही. ती उठली आणि फोन शोधायला लागली. ‘‘माझ्या बहिणीकडं आहे एक. तिच्या सशाला मी दिला होता. ठिपका बघूनच घेतला दुसरा.’’

चौदांत तो नव्हता. भेट दिलेली खेळणी कुठल्याच यादीत नसतात, हे ताईंच्या डोक्यात आलंच नव्हतं. अशी किती असतील?

फोन लागला. ताईंनी तो जवळजवळ हिसकावून घेतला.

‘‘मी लाल ठिपक्यावाली ताई. माझा ठिपका खोटा आहे. सशाचा किडा कुठंय? आत्ता बघा. फोन ठेवू नका.’’

पावलं. एक दार. मग बराच वेळ काहीच नाही.

‘‘सापडला. अख्खा आहे.’’

‘‘उलटा नका करू, पाठ बघा. चीर आहे?’’

‘‘नाही... हो. एक आहे. केसाएवढी.’’

‘‘आत सेल दिसतोय का?’’

‘‘चकाकतंय काहीतरी.’’

‘‘ससा कुठंय?’’

‘‘इथंच. माझ्या पायाशी. ताई, तो याच्याकडंच येतोय.’’

‘‘किडा मुठीत धरा. मूठ उघडू नका. पत्ता सांगा, मी येते.’’

ताईंनी खिशातून यादी आणि पेन काढलं, पण कानाचा फोन सोडवेना. शिंपीणबाईनं ते त्यांच्या हातातून घेतलं, चौदाव्या नावाखाली बहिणीचा पत्ता लिहिला, आणि चपला पायात घालता घालता, ज्यांना ज्यांना तिनं ठिपका बघून दुकान सुचवलं होतं त्यांची नावं आठवू लागली.