ड्रायक्लीनला दिलेलं लुगडं

मालन बोहारीण आमच्या सोसायटीत शुक्रवारीच यायची. शुक्रवारी डोंबिवलीची वीज दुपारभर गायब असे. पंखे बंद, टीव्ही बंद, नवरे ऑफिसात. आम्ही बायका वाऱ्यासाठी जिन्यात येऊन बसायचो आणि मालनला आम्ही नेमक्या तिथेच हव्या असायचो. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं आणि आवाज असा, की तळमजल्यावर तिने "भांडीऽऽ" म्हटलं की तिसऱ्या मजल्यावरची बाई नवऱ्याच्या पँटा काढायला उठे.

दिसायला किरकोळ होती, पण सौद्याला बसली की तिच्यापुढे भले भले पाणी भरत. पँट हातात घेतली की आधी बुडाशी उजेडाकडे धरायची. मग दोन्ही हातांनी अशी ताणायची की धडधाकट पँटसुद्धा जीव सोडेल. "बाई, हिच्यातून तर कल्याण स्टेशन दिसतंय," म्हणायची आणि पातेलं परत पाटीत ठेवायची. बाई घायकुतीला येऊन आणखी एक शर्ट आणायची. तरी मालनचं तोंड वाकडंच. शेवटी पातेलं द्यायची तेही असं, जणू स्वतःचं मूल दत्तक देतेय.

राहायची मोहन्याला. नवरा पोपट पूर्वी कुठे कुठे कामाला जायचा, पुढे घरी बसून झिपा बदलायला लागला. मालनने गोळा केलेले कपडे दोघं मिळून धुणार, रफू करणार, निळीत बुचकळून इस्त्री करणार आणि कल्याणच्या बाजारात विकणार. या धंद्यात तिचा एक नेम होता. कापड कुठल्या घरातून आलं ते कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी एकदा आपलीच विजार कल्याणच्या बाजारातून विकत आणली आणि "काय मापाची मिळाली बघ!" म्हणून बायकोला दाखवली. मालन तेव्हा जिन्यातच होती. तिने विजारीचं कौतुक केलं आणि एक चमचा दाखवायला काढला.

आता माझ्या समोरच्या ब्लॉकमधल्या वासंतीवहिनींकडे येते. वहिनींचं घर म्हणजे जगात काय चाललंय ते कळण्याची जागा. स्टीलची लाट आली तेव्हा घरातली सगळी पितळेची भांडी त्यांनी मालनकडून स्टीलमध्ये बदलून घेतली. मग सनमायका आला, प्लॅस्टिकची फुलं आली. नव्वद साल उलटलं आणि वहिनींच्या बहिणीने ठाण्याहून एक मासिक आणून दिलं. त्यात लिहिलं होतं, की घर साधं, हातानं घडवलेलं आणि निसर्गाच्या जवळचं असावं. झालं! प्लॅस्टिकची फुलं गेली, मातीची मडकी आली. खुर्च्या गेल्या, बैठक आली. रद्दीवाल्याच्या पोत्यासारखी एक पिशवी वहिनींनी रद्दीवाल्याच्या दसपट पैसे देऊन आणली. "अस्सल आहे हो," असं त्या प्रत्येक वस्तूला हात लावून सांगत. अस्सल मडक्यातलं पाणी मात्र कुणी पीत नसे, कारण ते गळायचं.

बैठकीशेजारी एक जुनी पेटी हवी, असं मासिकात होतं. पेटी घरातच होती. वहिनींच्या सासूबाई, मनुबाई, कोकणातून येताना ती घेऊन आल्या होत्या. मनुबाई दुपारी देवळात कीर्तनाला गेल्या असताना वहिनींनी पेटी बाहेर काढली. पेटी अस्सल ठरली, पण आतल्या कपड्यांना वास येत होता. तो शुक्रवार होता. मालन जिन्यात बसलेलीच होती.

मी समोर होते. त्या ढिगात एक जांभळं इरकली लुगडं होतं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. एका काठाशी तळहाताएवढं पोपटी ठिगळ. मालनने ठिगळावर बोट ठेवलं. "हे बघा बाई, हे कोण घेणार?"

"एकच तर ठिगळ आहे. बाकी सगळं धड आहे की!" वहिनी म्हणाल्या.

बरीच हुज्जत झाली आणि त्या लुगड्यावर एक झाकणाचा स्टीलचा डबा सुटला. मनुबाई संध्याकाळी आल्या तेव्हा वहिनींनी तो डबा त्यांनाच दिला. "तुमच्या चिवड्याला," म्हणाल्या. मनुबाईंना सुनेचं फार कौतुक वाटलं.

त्या सुमाराला मालनला ठाण्याला एक नवीन गिऱ्हाईक मिळालं होतं. नौपाड्यात चित्रा नावाच्या बाईने एका गॅरेजमध्ये दुकान काढलं होतं. दुकानाचं नाव 'अंगण'. आत दोन माणसं एका वेळी वळू शकत नसत. पहिल्यांदा मालनने तिच्याकडे साड्या नेल्या त्या रफू करून, नीळ घालून, कडक इस्त्री करून. चित्राने कपाळाला हात लावला.

"अगं मालन, तू यांचा जीवच घेतलास! मला ओरिजिनल पाहिजे. झिजलेलं. फाटलेलं असेल तर फाटलेलंच आण."

मालनला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण फाटक्याला जास्त पैसे मिळतात म्हटल्यावर तिनेही तो परिणाम मनावर घेतला. पोपटने केलेले रफू ती रात्री परत उसवायला लागली. शिवाय चित्रा प्रत्येक कापडाची कथा मागायची. मालनचा नेम आडवा यायचा, मग ती ठोकून द्यायची, "वाड्यातलं हाय. मोठं घराणं." ते चित्रा सुंदर अक्षरात लेबलावर लिहायची. त्या कापडांच्या गोधड्या शिवायची मालनची नणंद, कलावती. लेबलावर असायचं, 'एका आजीच्या हातची'. कलावतीचं तेव्हा लग्नही व्हायचं होतं.

इकडे वहिनींच्या सुनेला, नंदाला दिवस गेले. नंदाला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. मनुबाईंना पणतवंड होणार! त्यांनी चष्मा पुसला, सुईदोरा काढला आणि वहिनींना म्हणाल्या, "माझं जांभळं लुगडं दे गो पेटीतलं. बाळाला गोधडी शिवते. आमच्याकडचं पोर त्याच लुगड्यात वाढतं."

वहिनींनी पेटीकडे पाहिलं. तिच्यावर आता मडकं होतं.

"ते... ते ड्रायक्लीनला दिलंय, सासूबाई."

मनुबाईंनी आठवडाभर वाट पाहिली. मग महिनाभर. रोज विचारायच्या. "अजून नाही आलं? धुतायत की विणतायत?" वहिनी कधी सांगायच्या मशीन बिघडलंय, कधी सांगायच्या भैया गावाला गेलाय. म्हातारी नंदाकडून सुईत दोरा ओवून घेऊन बसलेली असे. दार उघडं असलं की मला समोरून दिसायची, आणि खरं सांगते, बघवत नसे.

एका शुक्रवारी मनुबाई स्वतः जिन्यात आल्या, मालनच्या समोर पायरीवर बसल्या.

"माझं जांभळं लुगडं तुझ्याकडे आलं काय गो? पोपटी ठिगळाचं? निखारा पडला होता, तिथे मी माझ्या चोळीचं कापड लावलेलं."

मालन पाटीतली वाटी उगाच पुसायला लागली. "आजी, माझ्याकडं गावाचं कापड येतं. मला काय ठावं?"

मनुबाई पायरीवरून उठून गेल्या. त्या दुपारी मालनने घासाघीस केली नाही. माझ्या दोन शर्टांवर मी मागितलेलं पातेलं तिने लगेच देऊन टाकलं. जिन्यातल्या सगळ्या बायका घाबरल्या. एकीने तर तिला ताप आहे का ते पाहिलं.

पुढचं तिने मला फार नंतर सांगितलं, तेही माझ्या गळ्याची शपथ घालून. लुगडं तिने चित्रालाच विकलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ती उठून ठाण्याला गेली. लुगडं तोवर कापलं गेलं होतं. कलावतीनेच त्याची लहान गोधडी शिवून दिली होती, आणि चित्राने पोपटी ठिगळ मुद्दाम मधोमध घ्यायला लावलं होतं. "हे ठिगळ बघ, किती ऑनेस्ट आहे!" ती मालनलाच म्हणाली. मालनने ती गोधडी परत मागितली. चित्राने किंमत सांगितली. मालनने आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या किमतीवर तोंडातून शब्द काढला नाही. तशीच परत आली.

पण बोहारीण ती. जे आपल्याला घेता येत नाही ते दुसऱ्याच्या गळ्यात कसं मारायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पुढच्या शुक्रवारी ती वहिनींना ऐकू जाईल अशा बेताने मला म्हणाली, "ठाण्याच्या त्या नौपाड्यातल्या 'अंगण' दुकानात बाळाची गोधडी बघितली. लय भारी. पण ती म्हणे टिळकनगरच्या कुठल्या डॉक्टरीणबाईंसाठी ठेवलीय. इकडच्या लोकांना नाय झेपायची."

शनिवारी सकाळी वहिनी मला घेऊन ठाण्याला.

दुकानात चित्राने गोधडी उलगडली आणि मला हसू दाबायला पदर तोंडात धरावा लागला. तेच जांभळं, तेच पोपटी. वहिनींनी ठिगळावरून हात फिरवला, लेबल वाचलं. 'एका अनामिक आजीची माया. वाड्यातील वस्त्र.' "अशी माया आता कुठे राहिलीय?" असं त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या ठिगळापायी त्यांना जिन्यात हुज्जत घालावी लागली, त्यालाच आता सर्वांत जास्त पैसे पडत होते. त्यांनी ते ओळखलं नाही. जिन्यात ते जुनेर होतं, इथे त्याला लेबल होतं.

घरी आल्यावर वाटलं, चला, निदान बाळाच्या अंगाखाली तरी जाईल. कसचं काय! वहिनींनी गोधडी बैठकीच्या भिंतीवर चार खिळे मारून टांगली आणि वर दिवा लावला. लेबलाच्या मागे 'फक्त ड्रायक्लीन' असं लिहिलं होतं, मग बाळाखाली कशी घालणार! मनुबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना भिंतीवर काहीतरी जांभळं आहे एवढंच दिसायचं. "कॅलेंडर आहे का गो?" त्यांनी एकदा विचारलं. आणि लुगड्याची चौकशी चालूच राहिली. नंदाला मुलगा झाला त्या दिवशी त्यांनी सुईतला दोरा काढला आणि सुई डबीत ठेवून दिली. मग मात्र चौकशी थांबली. त्या दिवशी मला वहिनींचा खरोखर राग आला.

बारसं आलं मे महिन्यात, आणि नेमकं शुक्रवारी. वीज नाही. घरात पन्नास माणसं. वहिनींचे यजमान परशुरामभाऊ सफारी घालून दारात उभे, नुकतेच कलेक्टर कचेरीतून रिटायर झालेले. बाळाला कुणीतरी दुबईहून आणलेल्या गुलाबी नायलॉनच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं. पोर लालबुंद होऊन असं रडत होतं की गोविंद घ्या गोपाळ घ्या कुणाला ऐकू येईना. या हातातून त्या हातात, कुणाकडेच राहीना.

तेवढ्यात दाराशी मालन. पाटी खाली ठेवून बाळासाठी वाटी-चमचा घेऊन आलेली. तिने आत पाहिलं, रडणारं पोर पाहिलं, भिंत पाहिली. मग मोठ्याने म्हणाली, "आजी, ती भितीवरली गोधडी बघा तरी हात लावून. लय मऊ हाय."

मनुबाई उठल्या. भिंतीशी गेल्या, चाचपत हात वर नेला. हात कापडावरून सरकत मध्यावर आला आणि थांबला. ठिगळाच्या चारी कडा त्यांनी बोटांनी हळूहळू चाचपल्या. मी त्यांच्या शेजारीच होते.

मग त्यांनी गोधडी धरली आणि एका हिसक्यात ओढली. एक खिळा उडून सरबताच्या पातेल्यात पडला. म्हातारीने बाळाला घेतलं, नायलॉन सोडवून फेकलं, गोधडीत गुंडाळून छातीशी धरलं. पोर दोनदा हुंदकलं आणि गप्प झालं. मग त्याने त्या आनंदात जे करायचं ते केलं, अगदी सावकाश, पोपटी ठिगळाच्या मधोमध.

वहिनी किंचाळल्या, "अहो सासूबाई! ती ड्रायक्लीनची आहे!"

"तेच म्हणते मी," मनुबाई म्हणाल्या. "आलं एकदाचं ड्रायक्लीनहून."

मनुबाईंनी बाळाचा गाल पुसला आणि त्यालाच सांगितलं, "ह्याच्यावर तुझ्या आज्यानं केलं, तुझ्या बापानं केलं, आता तू केलंस हो राजा."

परशुरामभाऊ सफारीच्या खिशात हात घालून खिडकीबाहेर बघू लागले. वहिनींनी एकदा गोधडीकडे पाहिलं, एकदा दारातल्या मालनकडे. मालनने दोन्ही हात वर केले. "मी काय बी बोलले नाय, बाई. मऊ हाय एवढंच म्हणले."

पुढच्या शुक्रवारी मनुबाईंनी चिवडा एका बरणीत काढला, पेटी बाहेर निघाली त्याच संध्याकाळी मिळालेला तो झाकणाचा डबा घासूनपुसून जिन्यात आणला आणि मालनच्या पाटीत ठेवला.

"घे. माझं मला मिळालं, तुझं तुला."

मालन म्हणाली, "आजी, दिलेला माल मी परत घेत नाय." मग डब्याला झाकण लावून पाहिलं, काढून पाहिलं, आणि घेतला. शिवाय मनुबाईंना हात जोडले, ते मात्र मी प्रथमच पाहिलं.

तासाभराने वहिनी बाहेर आल्या. भाऊंची बारशाची सफारी बघितली की ती फजिती आठवायची, म्हणून ती त्यांना आता घरात नको होती. मालनने पँट उजेडाकडे धरली.

"जुनी हाय, बाई."

"जुनी नाही, अस्सल आहे," वहिनी सवयीने म्हणाल्या.

"अस्सल ठाण्याला चालतं. हितं भोकं बघत्यात." आणि तिने पँट आणि शर्ट दोन्ही घेऊन, कुरकुरत, तोच झाकणाचा डबा वहिनींच्या हातात ठेवला. वहिनी खूश झाल्या. वर गॅलरीच्या दोरीवर गोधडी वाळत होती, आणि मनुबाई ती पुन्हा कुणी ड्रायक्लीनला देऊ नये म्हणून तिच्याखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या.