समोरच्या दारातलं हसू

निवृत्त झाल्यापासून पाळकसाहेबांना बोलायला व्यासपीठ उरलं नव्हतं, म्हणून ते जेवणाच्या टेबलावरून बोलत. आयुष्यभर लुथरन चर्चच्या मंडळीत उपदेश केलेला माणूस, एकदम गप्प कसा बसणार? कुटुंब कसं असावं, संस्कार कुठे चुकले, हल्लीच्या पोरांना कशाचीच चाड कशी नाही, हे सगळं पाळकबाई भाजी निवडता निवडता ऐकून घेत. मधूनच "हं" म्हणत.

अलीकडे साहेबांचा रोख होता समोरच्या बिऱ्हाडावर. तिथे एक सुतार राहायचा आणि त्याच्याबरोबर एक परिचारिका. दोघांना तान्हं बाळ होतं, पण लग्न झालेलं नव्हतं. जिन्यात गाठ पडली की साहेब मान हलवत आणि पुढे जात. त्यापलीकडे एक शब्द नाही.

बाई रोज दुपारी महिलांच्या प्रार्थनासभेला म्हणून बाहेर पडत. साहेब वाचनालयात जात. एके दिवशी वाचनालयाच्या दाराला कुलूप दिसलं, म्हणून ते लगेच परतले. जिना चढले आणि पायरीवरच थबकले. समोरचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून कोणीतरी खदखदून हसत होतं. असं हसू त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, तरी आवाज ओळखीचा होता.

त्यांनी आत डोकावलं. स्वयंपाकघरात पाळकबाई पाय पसरून जमिनीवर बसल्या होत्या. मांडीवर बाळ, केस सुटलेले. परिचारिका कामाचा गणवेश घालून घाईघाईने जेवत होती आणि घास हातात धरून तीही हसत होती.

बाईंनी वर पाहिलं. त्या दचकल्या नाहीत, हे साहेबांना फार लागलं.

"अगं, तू इथे? सभा..."

"सभा केव्हाच बंद पडली," बाई म्हणाल्या. "बायका उरल्यात कुठे? हिची दुपारपाळी असते. याचा बाप कामावरून येईपर्यंत या ढब्बूला मी सांभाळते."

"मला खोटं सांगून?"

"खरं सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंत?"

परिचारिकेने ताट बाजूला सारलं. "मावशी, मी जाऊ का बाहेर?"

"तू जेव गं. उशीर होईल तुला."

साहेब घरी आले आणि खुर्चीत बसून राहिले. पाळकाची बायको खोटं बोलते, तेही प्रार्थनेच्या नावाने! पण खरा धक्का वेगळाच होता. इतकी वर्षं एका छताखाली काढली आणि हिला असं हसता येतं, याचा आपल्याला पत्ताच नाही.

संध्याकाळी बाई आल्या आणि नेहमीसारख्या कणीक मळायला लागल्या. साहेबांनी तिथेच विषय काढला. "पाप आहे ते. तुला कळत नाही?"

"मला एवढंच कळतं की बाळाला भूक लागते," बाई म्हणाल्या. मग हात थांबवून त्यांनी विचारलं, "आपला थोरला कधी चालायला लागला, आठवतं का तुम्हाला?"

साहेबांनी डोक्याला खूप ताण दिला. त्या काळातल्या मृतांच्या घरी ते गेले होते, आजाऱ्यांच्या उशाशी बसले होते, ते सगळं आठवलं. पोराचं पहिलं पाऊल काही केल्या आठवेना. बाईंनी उत्तराची वाटही पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी समोरचं दार वाजवलं. सुतार त्या दिवशी लवकर आला होता, तरी बाई आत बाळाचे कपडे धूत होत्या. त्याने खुर्ची पुढे केली. साहेबांनी बसल्या बसल्या सरळच विचारलं, "लग्न का केलं नाहीत?"

"नाही वाटलं करावंसं, पाळकसाहेब," तो शांतपणे म्हणाला. काही अडचण, काही रडगाणं, काहीच नाही. दया दाखवायची सोयही त्याने ठेवली नव्हती.

"मला हे पटत नाही," ते म्हणाले.

"ठीक आहे. जरा धरता का याला? दूध उतू जाईल."

आणि बाळ त्यांच्या हातात आलं. साहेब काठीसारखे ताठ झाले. आतापर्यंत असंख्य बाळांचा बाप्तिस्मा केलेले हात, पण तेवढ्यापुरतेच. मग बाळ आईकडे परत.

"मान धरा, मान!" बाई आतून ओरडल्या.

त्यांनी मान धरली.