माझ्या पिकअपचा कंप्रेसर

गॅरेजमध्ये पाय ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, गाडी कुणाची?" अरे बाबा, गाडी मी चालवत आणली, किल्ली माझ्या हातात आहे, तरी तुमचं आपलं गाडी कुणाची! शहरात उस्मानपुऱ्यातल्या एका मिस्त्रीनंही तेच विचारलं. म्हणलं, माझी. तर तो माझ्या मागं बघायला लागला, कुणी पुरुष माणूस येतोय का म्हणून.

गाडी तशी आबांची, म्हणजे माझ्या वडलांची. आमचं घर फुलंब्रीच्या पुढं. मेंढ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. नवरा गेल्यावर मी माहेरी आले, आणि धाकटा भाऊ शहरात कंपनीत लागल्यावर पिकअप चालवायला घरात कुणी उरलं नाय म्हणून ती माझ्याकडं आली. सहा वर्षं झाली. बाजाराला मेंढ्या न्या, आजारी जित्राब डॉक्टरकडं न्या, पेंड आणा, सगळं मीच. स्टिअरिंगवर बसले की मला कुणाला विचारून कुठं जावं लागत नाय. हे सुख ज्याला कायम मिळालंय, त्याला ते कळायचं नाय.

आता मेंढ्यांमागं जायचं म्हणजे गाडी माळावर न्यावी लागते, आणि माळावर बाभळीचे काटे. टायरमध्ये काटा रुततो आणि हवा हळूहळू उतरत राहते. मागच्या उन्हाळ्यात भर रस्त्यात मागचं चाक बसलं. भरल्या गाडीला जॅक लावता येईना, म्हणून मेंढ्या खाली उतरवल्या, आणि एक गाभण मेंढी ट्रकखाली गेली. आबा दोन दिवस धड जेवले नाय. तिसऱ्या दिवशी भाऊ आला आणि त्यानं जाहीर करून टाकलं, अजून एकदा रस्त्यात अडकली तर गाडी मी घेऊन जाणार. आबांनी हो म्हणून मान हलवली. माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाय. जसा काय काटा मीच पेरला होता!

मी लई जळले. पण नुसतं जळून काय होतंय? कन्नडला साखर कारखान्यावर एका जीपवाल्यानं गाडीतच हवा भरायची सोय केलेली मी बघितली होती. एसीचा जुना कंप्रेसर, इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा, त्यानं हवेसाठी वापरला होता. खाली छोटी टाकी, टाकीला नळी. बटण दाबलं की पाच मिनिटांत टायर टणक. माझ्या पिकअपचा एसी कधीच बंद पडलेला, कंप्रेसर मात्र जागेवर होता. जीपवाल्यानं मला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एसीच्या गॅसबरोबर आत तेल फिरायचं, ते आता फिरणार नाय, म्हणून वरून थोडं थोडं तेल द्यायचं. आणि हवा ओढायच्या तोंडाला फिल्टर लावायचाच लावायचा.

हे सगळं मी मिस्त्रीला नीट सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, खिशातनं फोन काढला आणि माझ्याकडनंच नंबर घेऊन माझ्या भावाला विचारलं, "भैया, करना क्या है?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! "मी इथं उभी आहे की," मी म्हणलं. "व्हय ताई, तुम्ही चहा घ्या ना," तो म्हणला. तेलाचं त्यानं ऐकलं. फिल्टरचं काय, तर म्हणे माप बसत नाय, पुढच्या खेपेला लावू, तवर काय होत नाय. मी दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. शेवटी गाडी तशीच घेऊन आले. का आणली, ह्याचा राग मला अजून येतो.

पण त्या दिवशी मी खुशीत होते, खोटं कशाला बोलू. दारात गाडी लावली, बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून बटण दाबलं आणि आबांना हवा भरून दाखवली. टाकीच्या मीटरचा काटा वर चढताना बघून आबांचा चेहरा फुलला. आमच्यात नवी वस्तू दारी आली की तिच्यावर देवाचा भंडारा उधळतात, म्हणजे हळद. आबांनी "येळकोट येळकोट" म्हणत चांगला मूठ मूठ भंडारा उघड्या बॉनेटमध्ये उधळला. मीही हात जोडले.

पंधरा दिवसांनी आबा आणि मी कन्नडच्या बाजाराला निघालो. मागं मेंढ्या. कन्नडच्या अलीकडं चाक बसायला लागलं. मी म्हणलं, काळजी करू नका आबा, आणि बटण दाबलं. असा काय पट्टा किंचाळला! धूर, जळक्या रबराचा वास, आणि कंप्रेसर जाम. परत मेंढ्या उतरवा, परत आबा काठी घेऊन रस्त्यात उभे. ह्या वेळी एकही दगावली नाय, पण बाजार हुकला. परत येताना आबा एवढंच बोलले, "मी त्याला शब्द दिलाय."

दुसऱ्या दिवशी आबांना घेऊन मी गॅरेज गाठलं. भाऊही किल्ली घ्यायला तिथंच आला. मी मिस्त्रीला असं फैलावर घेतलं की शेजारचे दुकानदार बाहेर आले. तो गुमान कंप्रेसर खोलत बसला. आत बघितलं तर पिवळा चिकट लगदा. तेलात कालवलेली हळद! फिल्टर नव्हता, त्या उघड्या तोंडातनं भंडारा सरळ आत ओढला गेला होता.

"हळद कुणी टाकली?" मिस्त्रीनं विचारलं, आणि विचारताना बघितलं कुणाकडं? माझ्याकडं. भाऊही बघायला लागला.

"मी टाकली," आबा म्हणले.

मग भाऊ खदखदून हसला. "काय आबा, तुम्ही पण ना!" मिस्त्रीही हसला, "चाचा, मशीनलाच प्रसाद चारला की." चहा आला. दुसरा कंप्रेसर बसवू, आता फिल्टर लावूच, कुणाच्याही हातनं होतं असं, सगळं कसं गोडीत ठरलं. किल्लीचं नाव कुणी काढलं नाय. ती माझ्याकडंच राहिली.

मला खरं तर आनंद व्हायला पाहिजे होता. पण मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. मी भावाला विचारलं, "हीच हळद माझ्या हातनं पडली असती तर?"

"मग काय," तो म्हणला, "आज गाडी मी घेऊन गेलो असतो."

हसत हसत म्हणला. आबाही हसले.