कॉकाटीलचं पथ्य

कंपनीने परदेशी पाठवलं तेव्हा मुलाने खराडीतली भाड्याची जागा सोडली आणि दोन बॅगा नि एक पिंजरा आमच्या वारज्याच्या घरी आणून ठेवला. बॅगा पुढच्या खेपेला घेऊन गेला. पिंजरा राहिला. आत राखाडी अंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा, गालांवर नारिंगी ठिपके असलेला कॉकाटील होता, पोपटाच्याच जातकुळीतला छोटा पक्षी. "बाबा, त्याचं काही करावं लागत नाही," असं मुलगा जाताना म्हणाला. स्वतःला करायचं नसलं की माणूस असंच बोलतो.

मी तेव्हा नुकताच बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलो होतो. 'स्वेच्छा' कोणाची हे विचारू नये. हाताला काम नव्हतं, तेव्हा पक्ष्याचं सगळं मी अंगावर घेतलं. सकाळी पिंजऱ्यातला कागद बदलायचा, पाण्याची वाटी घासायची, राळे नि बाजरी पाखडायची, मूग भिजत घालायचे, उन्हं आली की आंघोळीला बशीत पाणी ठेवायचं. रविवारी त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर उभं करून वजन घ्यायचं. काटा लगेच पुसायचा, नाहीतर बायकोची बोलणी.

आणि बायको काय करायची? काही नाही. पोळ्या लाटून झाल्या की ओटा पुसायची, एक मोडकंतोडकं भजन गुणगुणायची आणि नखाने सूर्यफुलाची बी सोलून त्याच्यासमोर धरायची. तो उडत येऊन तिच्या खांद्यावर बसे, मान खाली घालून डोकं खाजवून घेई, वर तिला शीळ घालून दाखवी. मला मात्र फिस्स करून चोच मारी, तीसुद्धा मी वाटी भरत असताना. ती त्याला 'राजा' म्हणायची. मला लग्नापासून 'अहो'. माझा नुसता जळफळाट व्हायचा. घाण मी काढायची आणि लाड तिने करून घ्यायचे!

उन्हाळा संपता संपता पक्षी पिसं फुगवून बसायला लागला. शिंकायचा, श्वास घेताना शेपूट वरखाली व्हायची. मी त्याला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं, चोच उघडून पाहिली आणि विचारलं, "सूर्यफूल किती देता?"

"मी देत नाही," मी म्हणालो.

"कोणीतरी देतंय. चरबी वाढली आहे आणि बाकी पोषण काही नाही. बिया हळूहळू कमी करा, सूर्यफूल बंद. हिरवा पाला पोटात गेलाच पाहिजे. हे असंच चालू राहिलं तर तो फार दिवस काढणार नाही."

पक्षी आजारी होता आणि मी घरी येताना रिक्षात खुशीत होतो. घरात शिरल्या शिरल्या मी जाहीर केलं, "सूर्यफूल बंद. डॉक्टरांनी सांगितलंय." तिने बियांची बरणी माझ्या हातात दिली. संध्याकाळी पाहिलं तर तिचे डोळे सुजलेले होते. तरी मला बरंच वाटलं.

पाला काही तो खाईना. मेथी, कोथिंबीर, शेवग्याची पानं, सगळं धुऊन, निथळून, चिमट्याने जाळीला लावलं. त्याने चोचीने उपटून खाली टाकलं. डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, "हे थव्याने खाणारे पक्षी. त्याच्यासमोर बसून तुम्ही खा." मी बसलो. शेळीसारखी कच्ची मेथी चावत, वर "वा, वा" करत. त्याने माझ्याकडे पाठ केली.

त्याच दुपारी बायको ताटातली काकडीची फोड खात होती. तो तिच्या दंडावरून खाली आला आणि त्याच फोडीला चोच लावली. मी बघत राहिलो. त्याचा थवा म्हणजे ती एकटी होती. वाट्या घासणारा मी त्यात नव्हतो.

आता तिने मेथी खाल्ली असती तर काम झालं असतं. पण चातुर्मास लागला होता, आणि चातुर्मासात पालेभाजी खायची नाही हा तिचा माहेरून आलेला नेम. पोह्यांतली कोथिंबीरसुद्धा ती निवडून बाजूला काढायची. माझ्या साहेबांच्या घरी एकदा अळूची भाजी वाढली, तर ही बाई हसतमुखाने नुसता वरणभात जेवून उठली. तिला विचारायचं कसं? ती नाही म्हणेल ही भीती होतीच. पण विचारणं म्हणजे पक्षी तिचा आहे हे तोंडाने कबूल करणं, आणि ते मला जास्त जड जात होतं. त्यापायी मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या सकाळी पक्षी दांडीवर नव्हता, पिंजऱ्याच्या तळाशी डोळे मिटून बसला होता.

"अगं," मी म्हणालो, "तो तुझंच बघून खातो. त्याच्यासमोर मेथीची दोन पानं खाशील का?"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

एवढंच. देवाकडे पाहणं नाही, नेमाचा उच्चार नाही. हात धुतले, पक्ष्याला उचलून खांद्यावर घेतलं आणि मेथीची काडी तोंडात धरून चावायला लागली. तिच्याही तोंडाला ती चव कडू लागली असणार. बराच वेळ तो तसाच बसून राहिला. मग मान लांब करून त्याने काडीचं दुसरं टोक धरलं, एक पान कुरतडलं, गिळलं. आणखी एक. माझ्या तोंडून चक्क "शाब्बास" निघालं.

आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या मागोमाग परत जळफळाट झाला. या खेपेला तिचा नव्हे, त्या पाखराचा हेवा वाटला.

"लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात," मी म्हणालो, "मी अळूवडीचा तुकडा हातात धरून तुझ्यासमोर उभा होतो. तेव्हा नाही मोडलास नेम."

"तेव्हा तुमचं पोट भरलेलं होतं," ती म्हणाली. माझ्याकडे मान वळवलीसुद्धा नाही, खांद्यावरचा दचकला असता म्हणून.

मी जुडीतली दुसरी काडी निवडून तिच्या हातात दिली.