कोरड्या दुपारचा पूर

आमच्या गावात शिरणारं पाणी अडवण्यात माझाही हात आहे. दुकानदार कौतुक करतात, दिवाळीला पेढे देतात, आणि मला मात्र पावसाळा आला की चुकल्याचुकल्यासारखं होतं.

शहाद्यात आमचं घर चढावर. खाली उतारावर बाईजींचं साड्यांचं दुकान. हे राजस्थानी जैन घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे बाईजी आईशी बोलायच्या त्या पक्क्या अहिराणीत. श्रावणात मोठा पाऊस झाला की नाला उलटायचा आणि दुकानात गुडघाभर पाणी शिरायचं. मग साड्यांचे गठ्ठे हातगाडीवर लादून बाईजी आमच्याकडे यायच्या. गठ्ठे माजघरात, बाईजी आईजवळ. पाणी ओसरून दुकान वाळेपर्यंत त्यांचा मुक्काम हलायचा नाही.

चातुर्मासात बाईजी दिवस मावळल्यावर जेवत नसत. म्हणून आई दुपार कलतानाच खिचडी टाकायची, कांदा, लसूण, बटाट्याला घरात बंदी. आम्ही भावंडं उजेडीच जेवून गठ्ठ्यांवर लोळायचो, कोऱ्या साड्यांच्या खळीचा वास नाकात भरून घ्यायचो. त्या दोघींच्या गप्पांना तर अंतच नसे. माहेर, गुडघे, सुना, कुणाची म्हैस आटली, काहीही चालायचं. आईला पोट धरून हसताना मी फक्त पुराच्या दिवसांत पाहिलं आहे.

एरवी बाईजी दुकान उघडं टाकून येणार कशा? आणि कामाशिवाय बाजारात उतरायची आईची रीत नाही. रस्त्यात भेट झालीच तर आई म्हणायची, "ये ना व घर," आणि बाईजी म्हणायच्या, "येसू, येसू." की गेलं वर्ष.

शिकून मी पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची कामं करणाऱ्या एका कंपनीत लागले, आणि फिरून फिरून काम आलं ते आमच्याच गावाचं. बाजाराच्या पटांगणाखाली आम्ही मोठी टाकी बांधली. रस्त्यांवरचं पाणी आधी तिच्यात उतरतं. छताला टांगलेला सेन्सर पाण्याची पातळी मोजत राहतो. नाल्यात जागा असेल तेवढीच झडप आपोआप उघडते, आणि पाणी बेताबेतानं गोमाई नदीकडे जातं. टाकी भरत आली की उतारावरच्या दुकानदारांच्या मोबाइलवर इशारा जातो, धोका टळला की दुसरा निरोप. पहिल्याच पावसाळ्यात खालची गल्ली कोरडी राहिली. मी आपली सगळ्या गावात मिरवत होते.

श्रावण सरत आला तेव्हा आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "एकदाव ती झडप बंद ठेवता येस नई का तुले?"

मला हसूच आलं. "लोकेसना दुकानमा पानी घुसी ना, माय."

"ते बी खरं शे," ती म्हणाली आणि पुन्हा भाजीला लागली. माझं हसू तिथंच विरलं. इतकी वर्षं ही बाई पुराची वाट पाहत होती, आणि ते तिनं आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. खरं सांगायचं तर वाट मीही पाहत होते. भरलेलं माजघर, खळीचा वास, आईचं ते हसणं, सगळं मला परत हवं होतं. पण त्यासाठी कुणाचं दुकान कसं बुडवायचं?

पुढच्या श्रावणात एका दुपारी लख्ख ऊन पडलेलं असताना इशारा आला, टाकी काठोकाठ भरली. मी धावतच पटांगणावर गेले. झाकण उघडून टॉर्च मारला तर तळाला नुसता गाळ. सेन्सरच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं आणि यंत्रानं त्यालाच पाणी समजून बोंब ठोकली होती. लांब काठीला फडकं बांधून मी जाळं काढलं. थोड्या वेळात धोका टळल्याचा निरोप आपोआप जाणार होता.

घरी आले तर दारात हातगाडी उभी! आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि माजघरात गठ्ठ्यांची रास. दुकान बंद करून बाईजी सगळं वर घेऊन आल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "मन्हा मोबाइल वाजना, मंग काय, वनू मी." आई तांदूळ धूत होती, आणि तिचा चेहरा असा फुललेला होता की माझी जीभच रेटेना. सांगायला तर हवं होतं. गठ्ठे परत न्यायचे, दुकान उघडायचं, गिऱ्हाइकांचे दिवस. मी उंबऱ्यातच घुटमळले.

तेवढ्यात बाईजींच्या पिशवीत मोबाइल वाजला. त्यांनी चष्मा लावला, निरोप सावकाश वाचला. दारातून आत आलेल्या उन्हाकडे एकदा पाहिलं. मग मोबाइल पिशवीत खाली, पार तळाशी सारला.

"काय म्हनस?" आईनं विचारलं.

"आजून पानी शे," बाईजी म्हणाल्या.

आईनंही उन्हाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू काय उभी ऱ्हायनी? दार लोटी दे, पानी घुसी."

मी दार लोटलं.