गॅलरीतला बॅस्टिल

दरवर्षी दिवाळीत आम्ही शारजातल्या फ्लॅटच्या गॅलरीत किल्ला करतो. माती नर्सरीतून, विटा इंडस्ट्रियल एरियातून, मावळे मात्र पुण्याचे. मुलगी इथेच वाढली. खरा किल्ला तिनं अजून पाहिलेला नाही. प्रत्येक सुट्टी नातेवाइकांत संपते आणि मला ते खात राहतं. म्हणून या किल्ल्याचा आग्रह माझाच.

यंदा तिनं अट घातली, केला तर बॅस्टिलच. शाळेत फ्रेंच घेतलंय. मी म्हटलं, सणासुदीला तुरुंग कशाला? मग राहू दे, ती म्हणाली, आणि ते इतक्या सहज म्हणाली की मी घाबरलो. पुढच्या वर्षी ती कॉलेजला बाहेर जाईल. मी मुकाट्यानं विटा आणायला निघालो.

आठ बुरूज रचता रचता ती सांगत होती. आधी हे नाव कुठल्याही तटबंदीचं. मग पॅरिसच्या वेशीवरच्या या एकाच किल्ल्याचं. मग राजाच्या मर्जीनं माणसं डांबायच्या तुरुंगाचं. राज्यक्रांतीत लोकांनी तो घेतला, आत कैदी मोजकेच निघाले, तरी तो पाडलाच. आज तिथे चौक आहे, मेट्रो स्टेशन आहे, किल्ला नाही. आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाला निम्मं जग त्या पाडलेल्या किल्ल्याच्याच नावानं ओळखतं. त्याच्या दगडांतून त्याच्याच छोट्या प्रतिकृती कोरून देशभर पाठवल्या होत्या म्हणे. माझे मातीचे हात थांबले. म्हणजे त्यांनीही आमच्यासारखे किल्ले केले होते, पण खरा पाडल्यावर.

शेवटी सवयीनं मी महाराजांना सर्वांत उंच बुरुजावर बसवलं.

"बाबा, तिथे नाही," ती म्हणाली. "दॅट्स द जेलर्स प्लेस."

मी ओशाळलो. तिनं महाराजांना दोन्ही हातांनी उचललं, दरवाजासमोर ठेवलं आणि सगळे मावळे त्यांच्या मागे उभे केले, तोंडं किल्ल्याकडे करून. हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं.

हात धुताना तिनं विचारलं, आपले किल्ले अजून उभे आहेत ना? म्हटलं, पुष्कळ आहेत.

"मग डिसेंबरमध्ये जाऊ या."

"इन्शाल्ला."

"बाबा, तुझं इन्शाल्ला म्हणजे नाही असतं."

मी ओल्या हातानंच फोन घेतला आणि तिच्यासमोर साहेबांना रजेचा मेसेज केला.