बाबांचे डोळे आले तेव्हा

मला फिजिशियन असिस्टंट व्हायचं होतं. हे वाक्य मराठी माणसांसमोर उच्चारलं की पुढचा अर्धा तास खुलाशात जायचा. इथे सिंगापूरला मराठी मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी प्रसादाची वाटी हातात धरून विचारलं होतं, "म्हणजे कंपाउंडर का गं?" मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "हो, पण भरपूर शिकलेली." काकूंचं समाधान झालं आणि माझं डोकं फिरलं. परत येताना मी बाबांशी एक अक्षर बोलले नाही. ते एलआरटी ट्रेनच्या खिडकीतून बाहेर बघत गालातल्या गालात हसत होते.

खरं सांगायचं तर मी तेव्हा कंपाउंडरच होते. बुकित पंजांगला आमच्या घराजवळच एका ब्लॉकच्या तळमजल्यावर क्लिनिक होतं, तिथे मी क्लिनिक असिस्टंट म्हणून काम करायची. पेशंटचं नाव लिहून घ्यायचं, ताप बघायचा, ब्लडप्रेशर मोजायचं, डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या पाकिटात भरायच्या आणि कुठली जेवणाआधी, कुठली जेवणानंतर ते अंकल-आंटींना पुन्हा पुन्हा समजावायचं. दारापलीकडे डॉक्टर पेशंटला तपासायचे, ते मला दिसायचं नाही. मला त्या दारापलीकडे जायचं होतं. समोर बसलेल्या माणसाला काय झालंय ते ओळखायचं होतं.

मेडिकलला इथे माझा नंबर लागला नव्हता. नर्सिंग का नाही करत, असं आमच्या डॉक्टरांनी एकदा विचारलं. चांगला माणूस, पण मी ओळखण्याचं म्हणत होते आणि ते शुश्रूषेचं म्हणत होते. अमेरिकेत ही मधली वाट आहे. दोन-अडीच वर्षं शिकायचं आणि मग डॉक्टरांच्या हाताखाली आपण स्वतः पेशंट तपासायचे, निदान करायचं. सिंगापूरमध्ये ती नोकरीच नाही, त्यामुळे शिकून परत येता येणार नाही हेही ठाऊक होतं. शिवाय बऱ्याच शाळा परदेशातून आलेले अर्ज उघडूनही बघत नाहीत. उरलेल्या शाळांना मी अर्ज करत होते. पहिल्या वर्षी कुणीच बोलावलं नाही. दुसऱ्या वर्षी एका शाळेने बोलावलं आणि नाही म्हटलं. तिसऱ्या वर्षी पुन्हा एकाच शाळेचं बोलावणं आलं. तिशी उलटली होती. हे शेवटचं, असं मी घरात जाहीर केलं होतं. आईने लगेच मान डोलावली. तिला माझ्या लग्नाची घाई होती.

बाबांनी सगळी हयात बँकेत काढली, शेवटची वर्षं रॅफल्स प्लेसला. अर्जासोबतचा माझा निबंध तेच तपासायचे. लाल पेन घेऊन विशेषणं खोडत सुटायचे. ‘मनापासून’ हा शब्द दिसला की त्यांना राग यायचा. मनापासून नाही तर काय पोटापासून करणार आहेस का, असं विचारायचे. मी चिडायची, आदळआपट करायची आणि शेवटी खोडलेलं सगळं काढूनच टाकायची, कारण त्यांचंच बरोबर असायचं. हे काम नक्की काय असतं ते आमच्या ओळखीच्या माणसांत त्यांना एकट्याला नीट कळलं होतं, आणि त्यांनी मंडळात चारचौघांत मला कंपाउंडर करून टाकलं ते निव्वळ माझी फिरकी घ्यायला.

मुलाखत ऑनलाइन होती. तिकडची दुपार म्हणजे आमची सकाळ. बोलावणं आल्यापासून घरात दहावीच्या वर्षासारखं वातावरण झालं. आई टीव्हीचा आवाज काढेना. मी क्लिनिकमधून आले की खोलीत लॅपटॉपसमोर बसायची आणि भिंतीला उत्तरं द्यायची.

त्याच सुमारास बाबांना अंगाला खाज सुटायला लागली. मी त्यांना म्हटलं, एसीने कातडी कोरडी पडलीय, क्रीम लावत जा. जेवण कमी झालं होतं. मी म्हटलं, उकाडा आहे. मग मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी घरी आले तर बाबा हॉलमध्ये काळा गॉगल घालून बसलेले. आईने दारातच सांगितलं की त्यांचे डोळे आलेत. मी जवळ जायला लागले तसा बाबांनी हात वर केला.

"लांब राहा. तुला लागण झाली तर कॅमेऱ्यासमोर लाल डोळे घेऊन बसशील."

मला ते पटलं. मी क्लिनिकमधली सराईत बाई. टॉवेल वेगळा ठेवा, हात धुवा, डोळे चोळू नका, असं सगळं लांबूनच सांगितलं. थेंब आणून टेबलावर ठेवले. त्या आठवड्यात ते आणि आई दोनदा मरीन परेडला गेले, बाबांच्या जुन्या मित्राकडे जेवायला, त्याच्या कॉन्डोतल्या फ्लॅटवर. आमच्या घरापासून मरीन परेड म्हणजे बेटाचं दुसरं टोक, आणि बाबा तर कोपऱ्यावरच्या हॉकर सेंटरला खायला जायचंही टाळणारे. डोळे आलेला माणूस मित्राकडे जेवायला कसा जातो, हेसुद्धा मला सुचलं नाही. मी तेव्हा भिंतीला सांगत होते की माझं निरीक्षण चांगलं आहे.

मुलाखतीच्या सकाळी आईने मिक्सर, पंखा, बेल, सगळं बंद केलं. बेलवर तर तिने पुठ्ठा चिकटवला होता. मी वरती कोट आणि खाली घरची विजार अशा अवतारात बसले. पडद्यावर दोन बाया होत्या, एक हसरी आणि एक नुसती लिहिणारी. हसरीने विचारलं, इतरांच्या नजरेतून सुटलेलं पेशंटबद्दलचं काही तुमच्या लक्षात आलं, असा एखादा प्रसंग सांगा.

माझ्याकडे तो होता. खोकल्यासाठी आलेल्या एका आंटीच्या पायांत नवऱ्याच्या सपाता होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, स्वतःच्या हल्ली घट्ट होतात. मी त्यांचे घोटे बघितले आणि आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, खोकल्याचं औषध देण्याआधी पाय बघा. त्यांच्या हृदयाचंच दुखणं निघालं. हे सगळं मी विशेषणांशिवाय सांगितलं. लिहिणारी बाई लिहायची थांबली आणि वर बघून हसली. त्या क्षणी मला वाटलं की झालं, मिळाली जागा. इतकी खुश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते, आणि त्यानंतरही नाही.

लॅपटॉप मिटून बाहेर आले. आई खोलीच्या दाराशीच उभी होती.

"पूर्ण झालं ना? परत नाही ना बोलावणार?"

मी नाही म्हटलं. तिने बाबांकडे वळून बघितलं आणि म्हणाली, "आता सांगा."

बाबांनी गॉगल काढला. डोळ्यांत लाल असं काहीच नव्हतं. बुबुळांच्या भोवती सगळं हळदीसारखं पिवळं होतं. आता बघितलं तर गळा पिवळा होता, हात पिवळे होते, हातांवर खाजवल्याचे ओरखडे होते. कुणी काही सांगायची गरज नव्हती. वयस्क माणूस, भूक गेलेली, खाज, कावीळ, आणि दुखत काही नाही. पुस्तकात याचं पहिलंच उत्तर वाईट असतं. मी ते ओळखलं. असा पेशंट मी पहिल्यांदाच बघत होते.

कॅन्सर स्वादुपिंडात होता आणि यकृतापर्यंत पोचला होता. मरीन परेडच्या नावाखाली दोघं हॉस्पिटलमध्ये गेले होते. माझ्या ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून माझ्या क्लिनिकपासून लांबचं हॉस्पिटल शोधलं होतं.

आमच्या घराण्यात ही रीतच आहे. परीक्षा चालू असताना वाईट बातमी द्यायची नाही. बाबा सीएच्या परीक्षेला बसलेले असताना त्यांच्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं, ते त्यांना शेवटचा पेपर झाल्यावर कळलं. माझ्या ओ लेव्हलच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, वेळी पुण्याचे काका गेले. आई मला रोज डबा भरून देत होती, रोज पेपर कसा गेला विचारत होती, आणि परीक्षा संपली त्या दिवशी जेवायला वाढता वाढता तिने सांगितलं. यात फसवणूक आहे असं आमच्यात कुणालाच वाटत नाही. उलट सांगणाऱ्याला लोक नावं ठेवतात.

मला मात्र संताप आला. रडू त्याच्या नंतर आलं. मी बाबांना म्हटलं, "मला माणसाकडे बघून ओळखायचं होतं, आणि तुम्ही मला तुमच्याकडे बघूच दिलं नाहीत."

बाबा म्हणाले, "तुझी परीक्षा होती."

एवढंच. जसं काही त्यात सगळं आलं. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही, आणि पुढे ते दोन दिवस मला फार महाग वाटले. आठवडाभर आधी कळलं असतं तर काही फरक पडला असता का, असं मी आमच्या क्लिनिकच्या डॉक्टरांना विचारलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वन वीक, नो डिफरन्स लाह." माझ्या मनाला ते अजूनही पटलेलं नाही.

पित्ताच्या नळीत एक जाळीदार नळी बसवली आणि पिवळेपणा उतरला. बाकी काहीच उतरलं नाही. केमोचा एक फेरा झाला, दुसरा बाबांनी नको म्हटला. हॉलमधला सोफा हलवून तिथे पलंग आणला. मी क्लिनिकमधले तास कमी केले. त्यांना उठवणं, पुसणं, गोळ्यांच्या वेळा सांभाळणं, हे माझ्याकडे आलं. जिला मी नाही म्हटलं होतं ती शुश्रूषा हीच. निदान तर आधीच झालेलं होतं. ते ओळखण्यात आता काय राहिलं होतं?

त्या शाळेने मला प्रतीक्षा यादीत ठेवलं होतं. बाबा रोज सकाळी चहाच्या आधी विचारायचे, "मेल?" मी मान हलवायची. एखाद्या दिवशी ते स्वतःहून म्हणायचे, जागा होईल, अमेरिकेत लोक ऐन वेळी बेत बदलतात. एकदा आईने हळूच विचारलं, आली जागा तर तू जाशील का गं अशा वेळी? माझ्या आधी बाबांनीच उत्तर दिलं, "जाईल." त्यांचा आवाज एव्हाना फार बारीक झाला होता. मी जाणार नव्हते. पण मला ती जागा हवी होती. बाबांच्या कानावर पडावी म्हणून तरी हवी होती.

मेल आला तेव्हा मी क्लिनिकमध्ये पाकिटांत पॅरासिटामॉल भरत होते. या वर्षी जागा देता येत नाही, तुम्हाला शुभेच्छा. मी फोन खिशात ठेवला आणि गोळ्या पहिल्यापासून मोजायला घेतल्या. काउंटरपलीकडचे अंकल घाई करत होते. तीन वर्षांचं सगळं संपलं होतं आणि अंकलना बस पकडायची होती.

घरी येऊन स्वयंपाकघरात आईला सांगितलं. तिने गॅस बारीक केला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "यांना नको सांगूस. आता कशाला." आणि दोन दिवस अबोला धरणारी, पेशंटपासून काही लपवू नये यावर कुणालाही व्याख्यान देणारी मी, नुसती मान डोलावून मोकळी झाले. त्यांची परीक्षा चालू होती.

मग खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. आवाज हॉलपर्यंत जाणार नाही एवढी काळजी घेतली.

सकाळी चहा घेऊन पलंगापाशी गेले. मला वाटलं होतं, गार पाण्याने तोंड धुतलंय, काही कळणार नाही. बाबा माझ्याकडे बघत राहिले. लाल पेन हातात असताना बघायचे तसेच. मग विचारलं, "डोळ्यांना काय झालं?"

मी म्हटलं, "डोळे आलेत."

बाजूच्या टेबलाच्या खणाकडे त्यांनी हात केला. खण उघडायची ताकद त्यांच्यात नव्हती, म्हणून मीच उघडला. गोळ्यांच्या पाकिटांखाली त्यांचा काळा गॉगल होता.

"घाल," बाबा म्हणाले. "आणि लांब बस."

मी गॉगल घातला, पण लांब काही बसले नाही. चमच्याने त्यांना चहा पाजला. त्या दिवशी त्यांनी मेलचं विचारलं नाही, आणि त्यानंतर कधीच विचारलं नाही.